हवामान बदलाचा कायदा राज्याने करावा म्हणून गावातून काय रेटता येईल?

नदीकाठची

आमच्या नगरपरिषदेच्या हद्दीत रस्ता रुंद करायचा म्हणून जुन्या वडा-चिंचांवर नोटिसा लागल्या, तेव्हा आम्ही आसपासची मंडळी पहिल्यांदा एकत्र आलो. नोटीस रस्त्याच्या बाजूने नव्हतीच. शेताच्या बाजूला, खोडात खिळा ठोकून अडकवलेला कागद, पावसाने शाई ओघळलेली. किती झाडं तोडणार तो आकडा वाचता येत होता, हरकतीची शेवटची तारीख मात्र पुसून गेलेली.

तरीही १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा हाताशी होता. झाडावर नोटीस लावली पाहिजे, वर्तमानपत्रात जाहिरात दिली पाहिजे, हरकतीसाठी लोकांना सात दिवस मिळाले पाहिजेत, हे त्यात लिहिलेलं आहे. त्या जोरावर लेखी हरकती दिल्या, पोच घेतली, सुनावणीला बसलो. सगळी झाडं वाचली नाहीत. पण आखणी थोडी सरकली आणि रांगेतली बरीच झाडं आज उभी आहेत.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आठवडी बाजारात माणसं उन्हाने कोसळली. नदीत होळीच्या आधीच डबकी उरली. यावर आम्ही कोणाकडे हरकत घ्यायची? कोणत्या कलमाखाली? कोणत्या अधिकाऱ्याने किती दिवसांत उत्तर द्यायचं? झाडाच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांना उत्तर होतं. उन्हाच्या आणि पाण्याच्या बाबतीत नाही.

राज्यात काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. पर्यावरण विभागाच्या नावात आता वातावरणीय बदल आला आहे. २०१४ चा राज्याचा अनुकूलन आराखडा, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचा आराखडा आहे. 'माझी वसुंधरा' हे पर्यावरणाचं अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे आणि काही गावांनी त्यात मनापासून काम केलंय. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, त्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट आहे. पण यातलं बहुतेक सगळं आराखडा, अभियान किंवा शासन निर्णय आहे. आराखडा पाळला नाही म्हणून कोणाला जाब विचारता येत नाही. शासन निर्णय एका सहीने निघतो आणि दुसऱ्या सहीने मागे जातो.

'हे केंद्राचं काम, राज्य काय करणार' असं ऐकलं की मला राग येतो. माथाडी कायदा १९६९ चा आणि तो आपल्या राज्याचा. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला; देशाचा रोजगार हमी कायदा २००५ चा. माहितीचा अधिकार राज्यात २००२ च्या कायद्याने आला, केंद्राचा त्यानंतर. दिल्लीची वाट बघत बसायची आपली परंपरा नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: राज्याचा हवामान कायदा हवा, तो छोटा हवा आणि त्यात नाव, मुदत आणि पैसा या तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. जबाबदार अधिकारी कोण, कधीपर्यंत आणि कोणत्या निधीतून. उद्दिष्टांची पानंच्या पानं नकोत. तुमच्या भागात काय चाललंय आणि अशा मागणीसाठी तिथून काय करता येईल, हे ऐकायचं आहे.

शंकासुर

ताई, तळमळ पटली. पण कायदे कमी आहेत का आपल्याकडे? प्लास्टिकबंदी बघा. २३ मार्च २०१८ ला अधिसूचना निघाली, जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिने कैद. सुरुवातीला दुकानदारांनी खरंच कापडी पिशव्या ठेवल्या होत्या. आज भाजीवाल्याकडे जा आणि बघा. आणखी एक कायदा करून त्याचंही हेच होणार असेल, तर तीच ताकद आहेत त्या कायद्यांच्या अंमलबजावणीवर का लावू नये?

नदीकाठची

दादा, प्लास्टिकचंच उदाहरण मी उलट बाजूने वाचते. ती अधिसूचना निघू शकली कारण २००६ चा अविघटनशील कचऱ्याचा कायदा आधीपासून होता आणि त्याने सरकारला तो अधिकार दिला होता. मूळ कायदा नसता तर बंदी ही नुसती विनंती ठरली असती. अंमलबजावणी ढिली पडली हे खरंच. पण तिथे निदान 'अंमलबजावणी करा' असं म्हणता येतं. उन्हाच्या बाबतीत कशाची अंमलबजावणी मागू?

डाळिंबबाग

मी सोलापूर जिल्ह्यातला, बागायतदार. भूजलाच्या कायद्याचं सांगतो, कारण तुमचं नाव-मुदत-पैसा वाचताना तोच डोळ्यांसमोर आला.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ चा. अंमलात यायला २०१४ उजाडलं. त्याच्या नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी आला २०१८ मध्ये. या नऊ वर्षांत आमच्या भागात किती बोअर पडले त्याची मोजदाद कोणी ठेवली नसेल. कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत. ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर निर्बंध, विहिरींची नोंदणी, बोअर मारणाऱ्या यंत्रांची नोंदणी, पाणलोट क्षेत्राची समिती. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात बोअरची गाडी संध्याकाळनंतर येते, रात्रभर घरघर चालते आणि सकाळी बांधावर पांढरी भुकटी पडलेली दिसते. शेजाऱ्याने ३०० फुटांवर पाणी ओढलं की दुसरा ५०० ला जातो. मीही गेलो, कारण बाग डोळ्यांदेखत वाळत होती. त्या वेळी मला अडवणारं कोणी नव्हतं आणि पर्याय देणारंही कोणी नव्हतं.

म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगतो. एक, नियम किती महिन्यांत झाले पाहिजेत ते कायद्यातच लिहा. 'शासन नियम करील' एवढं लिहिलं की दशक जातं. दुसरं, हा कायदा फक्त शेतकऱ्याला धरणारा होऊ देऊ नका. बोअरवर बंदी घालणं सोपं आहे. त्याबरोबर पाण्याचा ताळेबंद, कमी पाण्याच्या पिकाला खात्रीची खरेदी आणि ठिबकचं अनुदान वेळेवर देण्याची जबाबदारीही कायद्यात पाहिजे. नाहीतर सगळा शेतकरी समाज या कायद्याच्या विरोधात उभा राहील, आणि त्यात त्याची चूक नसेल.

शंकासुर

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. नियमांना मुदत हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता.

खाचरवाला

रायगडातून लिहितोय. आमच्याकडे हवामान बदल म्हणजे डोंगर खाली येणं.

माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, १५१ माणसं. ते पुण्याच्या आंबेगाव तालुक्यातलं. तळिये २२ जुलै २०२१. त्याच दिवशी चिपळूण पाण्यात होतं. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. इर्शाळवाडीनंतर विधानसभेत सांगितलं गेलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. मला त्या एका वाक्याने झोप लागली नव्हती. यादीत नाही म्हणजे पावसाळ्याआधी तिथे कोणी जाणार नाही, नोटीस नाही, स्थलांतराची तयारी नाही, काही नाही.

यादी कोण करतं, किती वर्षांनी बदलतं, गावाने 'आमच्या डोंगराला भेग पडलीय' असं कळवलं तर किती दिवसांत भूवैज्ञानिक बघायला येतो, यातलं काहीही बंधनकारक नाही. आमच्या वाडीच्या वर एक ठिकाण आहे. पूर्वी तिथे झरा फक्त पावसात वाहायचा, आता नव्याच जागी पाणी फुटतं आणि गढूळ येतं. म्हाताऱ्या माणसांना ते आवडत नाही. त्यांना कळतं. पण त्यांचं कळणं लिहून घ्यायला कोणाकडे रकाना नाही.

कायद्यात एवढं एक कलम आलं तरी मी मोर्च्यात पुढे असेन: ग्रामसभेने लेखी कळवलं की ठरावीक दिवसांत पाहणी झालीच पाहिजे आणि तिचा अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलाच पाहिजे.

उन्हातलीमाणसं

नागपुरात बांधकाम मजूर आणि कचरा वेचणाऱ्या बायांमध्ये काम करते.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला सरकारी कार्यक्रमात भर दुपारी उघड्या मैदानात लोक बसले होते. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. तेव्हा तिथलं तापमान विदर्भाच्या मानाने फार नव्हतं. किनारपट्टीवर हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. उष्णतेच्या लाटेचा निकष मात्र मुख्यतः तापमानावर चालतो: मैदानी भागात ४० अंश, किनाऱ्यावर ३७ अंश आणि त्यावर सरासरीपेक्षा किती जास्त ते. दमटपणा धरून राज्याने स्वतःचे जिल्हावार निकष ठरवावेत, ही आमची पहिली मागणी.

नागपुरात २०१६ पासून उष्णता कृती आराखडा आहे. त्याचा उपयोग होतो, दवाखान्यांत वेगळी सोय होते, बागा दुपारी उघड्या राहतात. पण ठेकेदाराने दुपारी स्लॅब ओतायला लावला तर त्याला थांबवणारं आराखड्यात काही नाही. बाई रोजंदारीवर असते. तिने १२ ते ४ काम बंद ठेवलं तर त्या चार तासांची मजुरी कोण देणार? आराखडा सांगतो, 'दुपारी बाहेर पडू नका.' चूल कशी पेटणार ते सांगत नाही. माझ्यासोबतच्या एका ताईंनी ओल्या ओढणीखाली पोराला झोपवून विटा वाहिलेल्या मी पाहिल्यात. तिला हवामान बदल म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नाही.

माथाडी कायद्याची आठवण ताईंनी काढली ते बरं झालं. तो कायदा हमालांनी आणि तोलणाऱ्यांनी लढून मिळवला, आणि त्यात मंडळ आहे, नोंदणी आहे, मालकाकडून वसुली आहे. बांधकाम मजुरांसाठीही कल्याणकारी मंडळ आहे आणि त्याच्याकडे उपकराचा पैसा जमा होतो. त्या पैशातून उष्णतेच्या दिवसांचा मजुरी भत्ता देणं राज्य सरकारला अशक्य नाही. केरळने २०१९ मध्ये आणि तामिळनाडूने २०२४ मध्ये उष्णतेला राज्य आपत्ती मानलं. म्हणजे राज्यं हे करू शकतात.

कलम२१

वकील आहे. राज्याला असा कायदा करता येतो का, यावर थोडं लिहितो.

'पर्यावरण' असा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सुटा नाही. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा संसदेने आंतरराष्ट्रीय करार पाळण्याच्या अधिकारातून, अनुच्छेद २५३ खाली केला. त्यामुळे प्रदूषणाची मानकं वगैरे विषयांत राज्याने हात घातला तर केंद्राच्या कायद्याशी टक्कर होते. पण पाणी, शेती, जमीन, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्य सूचीतले विषय आहेत. वन समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. वर आलेल्या मागण्या बघा: भूजल, दरडी, उष्माघात, ग्रामसभेचा अधिकार. बहुतेक सगळ्या राज्याच्या अंगणात बसतात. समवर्ती विषयात केंद्राशी विसंगती येत असेल तर राष्ट्रपतींची संमती घेण्याचा मार्ग आहे, फक्त वेळ लागतो.

दुसरं, २१ मार्च २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. प्रकरण माळढोक पक्षी आणि वीजवाहिन्यांचं होतं, पण त्यात न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मधून मान्य केला. देशात हवामान बदलासाठी एक समग्र कायदा नाही, हेही तिथे नोंदवलं गेलं. हक्क मान्य झाला, पण तो रोजच्या जगण्यात वापरायचा तर यंत्रणा लागते. राज्याचा कायदा ती यंत्रणा देऊ शकतो.

आणि एक तांत्रिक वाटणारी, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मुंबईच्या आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायची होती; ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडली होती. अपिलाचा अधिकार होता, पण अपिलापर्यंत झाडच उरलं नाही. नव्या कायद्यात लिहिलं पाहिजे की परवानगीला किंवा निकालाला आव्हान देण्याची मुदत संपेपर्यंत परत न भरता येणारं नुकसान करणारं काम सुरू होणार नाही. डोंगर फोडणं, ओढा बुजवणं, खारफुटीत भराव टाकणं, सगळ्याला हे लागू झालं पाहिजे.

शंकासुर

मग सरळ विचारतो. एक नवा मोठा कायदा, की १९७५ चा झाडांचा कायदा, भूजल कायदा आणि ग्रामपंचायत अधिनियम यांत नेमक्या दुरुस्त्या? मला दुसरा मार्ग लवकर होण्यासारखा वाटतो. झाडांच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं गेलं. म्हणजे दुरुस्त्या होतात.

खाचरवाला

दरडींसाठी दुरुस्ती कशात करणार दादा? राज्याचा मूळ कायदाच नाही.

निवृत्त कक्ष अधिकारी

मंत्रालयात आयुष्य गेलं. विधेयक कसं जन्माला येतं ते जवळून पाहिलं आहे, म्हणून लिहितो. मुलांनो, लोक मोर्चा काढतात तेव्हा दोन दिवस बातमी येते. तिसऱ्या दिवशी विभागात नस्ती (फाईल) उघडली जाते का, ते बघायचं असतं.

आमदारांकरवी अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक मांडता येतं. चर्चेला उपयोग होतो, पण ते मंजूर होण्याची आशा धरू नका. संसदेत आजवर १४ अशासकीय विधेयकं मंजूर झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. शिवाय खर्च असेल तर अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालांची शिफारस लागते, ती सरकारच्या इच्छेशिवाय येत नाही. तुमच्या कायद्यात निधी आहे. म्हणजे विधेयक सरकारनेच आणायला हवं. मग त्याची वाट अशी: विभागाची टिपणी, वित्त विभागाचं मत, विधी व न्याय विभागाची तपासणी, मंत्रिमंडळ, मग सभागृह. सगळ्यात जास्त विधेयकं वित्त विभागाच्या टेबलावर थांबतात, सभागृहात नव्हे.

वित्त विभाग विचारतो, पैसा कुठून? रोजगार हमीला उत्तर तयार होतं. व्यवसाय कर १९७५ पासून त्यासाठीच बसवला आणि तेवढीच रक्कम राज्याने घालायची असं ठरलं. रोजगार हमीची कल्पना मांडणाऱ्या वि. स. पागे यांच्यासारखा माणूस मागे होता हे खरं, पण कायदा टिकला तो पैशाची वाट बांधून दिल्यामुळे. तुम्हीही निधीचा स्रोत मागणीत लिहा. बांधकाम परवानगी, गौणखनिज (दगड, मुरूम, वाळू), मोठे पाणी वापरकर्ते, काय ते ठरवा. नुसतं 'निधी द्यावा' लिहिलेलं निवेदन परत येतं.

आता तुमच्या हातातली साधनं. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी सूचनेवर निवेदन करावं लागतं. सभागृहात मंत्री 'तपासून बघू, करू' म्हणाले की ते आश्वासन ठरतं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. लोक हे विसरतात. उत्तराची छापील प्रत मिळवा, त्यातलं वाक्य अधोरेखित करा आणि पुढच्या अधिवेशनात तेच वाक्य घेऊन दुसऱ्या आमदारांकडे जा. विनंती अर्ज समितीही आहे. अर्ज सदस्यामार्फत सादर करायचा असतो. मार्चचं अर्थसंकल्पीय, पावसाळी आणि नागपूरचं हिवाळी, वर्षात तीनदा संधी येते.

शेवटी ठराव आणि निवेदनं. एकच मजकूर छापून शंभर गावांतून पाठवला, तर विभागात तो एक अर्ज म्हणून धरला जातो. त्याऐवजी मागणी एकच ठेवा, पण तिच्यावरचा मजकूर ज्या त्या गावाचा असू द्या. आमच्या तीन विहिरी कोणत्या साली आटल्या, दरडीची भेग कोणत्या गट क्रमांकात आहे, आरोग्य केंद्रात उष्माघाताचे किती रुग्ण नोंदले गेले. अशी कागदपत्रं चार-पाच जिल्ह्यांतून आली की टिपणी लिहिणाऱ्याला 'स्थानिक तक्रार' असा शेरा मारता येत नाही. 'राज्यभरातून मागणी आहे' असंच लिहावं लागतं.

नदीकाठची

काका, हे वाचून खूप बळ आलं. निवेदन म्हणजे शब्द जमवणं असंच आतापर्यंत वाटत होतं. गावाचा पुरावा जमवणं हेच काम आहे असं दिसतंय.

शंकासुर दादा, तुमच्या प्रश्नावर मला वाटतं दोन्ही. जिथे मूळ कायदा आहे तिथे दुरुस्ती. दरड, उष्णता आणि जोखीम नोंदवही (कोणत्या गावाला कसला धोका आहे त्याची नोंद) यांसाठी नवा, छोटा कायदा. त्याला हवामान कायदा म्हणा किंवा दुसरं काही, मला नावाची हौस नाही.

सह्याद्रीपाठ

पश्चिम घाटाचा विषय राहून जातोय. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. दोन्ही समित्या घाट कसा राखायचा यावरच्या. त्यानंतर घाटातला भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवणाऱ्या केंद्राच्या मसुदा अधिसूचना एकामागून एक निघत राहिल्या. जुलै २०२४ चा सहावा मसुदा, त्यात महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. एवढी वर्षं मसुद्यातच गेली, आणि त्यातला प्रत्येक पावसाळा डोंगराने झेलला. गावांचा विरोधही समजून घ्यायला हवा. त्यांना वाटतं, घराचा पत्रा बदलायलाही दिल्लीची परवानगी लागेल. ही भीती खोटी आहे हे वेळेवर, त्यांच्या भाषेत, गावात बसून कोणी सांगितलं नाही. गाडगीळ समितीने निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यायला सांगितलं होतं, नेमकं तेच मागे पडलं. राज्याने स्वतःचा कायदा करताना ही चूक परत होऊ नये. मसुदा आधी गावात, मग मंत्रालयात.

डाळिंबबाग

याला माझं पूर्ण अनुमोदन. गावाने स्वतः ठरवलं की गाव पाळतं. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचं ठरवलं आणि पाळलं, त्यासाठी पोलीस लागले नाहीत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला आणि जंगल राखलं. पण हिवरे बाजारच्या शेजारच्या गावाने बोअर मारायचं ठरवलं तर? पाणलोट एकच असतो. तिथे राज्याचा कायदा लागतो.

उन्हातलीमाणसं

खरंय. आणि शहरात ग्रामसभा नाही हेही लक्षात घ्या. आमच्या वस्तीतल्या बायांनी ठराव कुठे करायचा? प्रभागात क्षेत्रसभा घ्यायची तरतूद असली तरी ती होताना मी पाहिलेली नाही. मागणीत वस्तीसभेलाही ग्रामसभेइतकाच अधिकार लिहा. नाहीतर शहरातली गरीब माणसं कायद्याबाहेर राहतील, आणि पत्र्याच्या घरात तर सगळ्यात जास्त तीच भाजतात.

नदीकाठची

तुम्ही सगळ्यांनी लिहिलेल्यातून ठरावाचा कच्चा मसुदा केलाय. मोकळ्या जागा ज्याने त्याने भराव्यात.

'ही सभा राज्य शासनाकडे मागणी करते की,
ग्रामसभेने किंवा वस्तीसभेने दरड, पूर, पाणीटंचाई किंवा उष्णतेचा धोका लेखी कळवल्यास ३० दिवसांत, आणि पावसाळ्यात ७ दिवसांत, सक्षम अधिकाऱ्याने जागेवर पाहणी करून मराठीत अहवाल द्यावा, असे बंधन कायद्याने घालावे. प्रत्येक तालुक्याची जोखीम नोंदवही दर वर्षी मे महिन्याच्या आत सुधारून प्रसिद्ध करावी. उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी दुपारचे अंगमेहनतीचे काम बंद ठेवून त्या वेळेची मजुरी देण्याची व्यवस्था करावी. यासाठी स्वतंत्र निधी स्थापून त्याचा स्रोत कायद्यात नमूद करावा. कायद्याचे नियम सहा महिन्यांत करावेत. आमच्या गावात / वस्तीत दिसलेले बदल पुढीलप्रमाणे: ...'

कलम२१

दोन सुधारणा. 'सक्षम अधिकारी' नको, पदनाम लिहा. दरडीसाठी तहसीलदार, उष्णतेसाठी तालुका आरोग्य अधिकारी. सक्षम कोण यावरच वर्ष जातं. आणि नियमांच्या ओळीत जोडा: 'सहा महिन्यांत नियम न झाल्यास त्याची कारणे विधानमंडळासमोर ठेवावीत.' मुदत चुकली तर पुढे काय, हे लिहिलेलं नसेल तर ती मुदत पाळायचं बंधन कोणालाच वाटत नाही.

खाचरवाला

पावसाळ्यात ७ दिवस फार झाले. भेग दिसल्यावर ४८ तास लिहा. डोंगर सात दिवस थांबत नाही.

निवृत्त कक्ष अधिकारी

४८ तासांत तहसीलदार पोहोचू शकतील, भूवैज्ञानिक नाहीत. म्हणून दोन टप्पे करा. ४८ तासांत तहसीलदारांची पाहणी आणि गरज असल्यास तात्पुरतं स्थलांतर, १५ दिवसांत तज्ज्ञांचा अहवाल. असं लिहिलंत तर विभाग 'व्यवहार्य नाही' म्हणून परत पाठवू शकणार नाही. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, स्थानिक आमदारांना, आणि आवक क्रमांक घेऊन पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाला. मदत व पुनर्वसन विभागाला विसरू नका, दरडीचं काम त्यांच्याकडे असतं.

शंकासुर

निधीचा स्रोत 'कायद्यात नमूद करावा' एवढ्यावर सोडू नका, काकांनी सांगितलंय ते. मी गौणखनिजाचं स्वामित्वधन आणि मोठ्या बांधकामांचं परवानगी शुल्क सुचवतो. डोंगर फोडणाऱ्याने डोंगराखालच्या वाडीसाठी द्यावं, हे कोणालाही समजेल. आमच्या प्रभागातल्या दोन सोसायट्या आणि मागची वस्ती मिळून सभा घ्यायचं मी बघतो. गेल्या काही वर्षांत नाला कुठे कुठे अरुंद झाला याचे जुने फोटो लोकांकडे आहेत, ते तारखेनिशी लावता येतील.

नदीकाठची

सगळ्या दुरुस्त्या घालून मसुदा बदलते: तहसीलदार ४८ तास, तज्ज्ञ १५ दिवस, इतर धोक्यांना ३० दिवस, निधीसाठी गौणखनिज आणि बांधकाम शुल्क. आमच्याकडे २६ जानेवारीच्या सभेआधी शेजारच्या चार ग्रामपंचायतींच्या सरपंचांना भेटायचं ठरलंय. डाळिंबबाग दादा, विहिरींची नोंद कशी मांडायची त्याचा तक्ता तुमच्याकडे असेल तर टाका. साल, खोली आणि कोणत्या महिन्यात आटली, एवढे रकाने पुरतील का?

डाळिंबबाग

चौथा रकाना घाला ताई, पीक. कोणत्या पिकामुळे पाणी कुठे गेलं ते दिसलं पाहिजे, आमच्या बागांसकट. तक्ता उद्या रात्री टाकतो.